कांद्याला वारा, माणसाला पत्रा




प्रायश्चित्त काळ आला की आपल्या मोसम खोऱ्यात दोन गोष्टी बरोबरच येतात. वेदीवर जांभळा रंग येतो आणि शेतात उन्हाळ कांदा काढणीला येतो. थोड्याच दिवसांत नामपूरच्या बाजार समितीकडे ट्रॅक्टरांची रांग लागेल. ज्याला आजचा भाव परवडणार नाही, तो कांदा चाळीत भरून ठेवील. म्हणून या रविवारी आम्ही उपदेशाची सुरुवात कांदाचाळीपासून करीत आहोत. पवित्र शास्त्राकडे आपण येणारच आहोत, पण चाळीतून जाऊ.

चाळ बांधायची म्हटली की आपला शेतकरी किती बारीक विचार करतो! एकपाखी चाळ असेल तर ती दक्षिणोत्तर, दुपाखी असेल तर पूर्व-पश्चिम. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर आणि त्यालाही फटी, म्हणजे वारा खालून वर चढेल. पाखीची रुंदी चार फुटांच्या आसपास, कारण जास्त झाली तर मधल्या कांद्याला हवा लागत नाही. वर शक्यतो कौले किंवा सिमेंटचे पत्रे, कारण लोखंडी पत्रा तापतो आणि कांदा खराब होतो. छप्पर भिंतीच्या बाहेर पुढे काढलेले, म्हणजे ऊन आणि पावसाची झड आत येणार नाही. २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता राहिली की कांदा चार-पाच महिने निघतो, हे कित्येकांना तोंडपाठ आहे.

आता त्याच मळ्यात चाळीच्या शेजारी काय असते ते पाहा. पुष्कळ ठिकाणी सालदाराची खोली असते. चारही बाजूंनी पत्रा, वर पत्रा, एक दार आणि खिडकी नाही. कांदा कुजू नये म्हणून त्याला खालून, वरून, आडवा-उभा वारा दिलेला असतो आणि सालदाराचे तान्हे लेकरू त्या पत्र्याखाली झोळीत भाजत असते. दोन्ही बांधकामे एकाच मालकाची, एकाच गवंड्याच्या हातची. मग एकाला अक्कल वापरली आणि दुसऱ्याला नाही, हे कसे?

आणि हे फक्त सालदाराचेच नाही. गावातल्या आपल्या पक्क्या घरांकडे पाहा. स्लॅब पडला की घर झाले, असे आपण समजतो. वरती एक खोली काढतो आणि म्हाताऱ्या आईबाबांना तिथे ठेवतो, कारण खाली टीव्ही आहे, पाहुणे येतात, मुलांचा अभ्यास असतो. दिवसभर तापलेला स्लॅब ती उष्णता रात्री उशिरापर्यंत आत सोडत राहतो. मे महिन्यात मालेगावचा पारा चाळिशी ओलांडतो, काही वर्षी ४२-४३ च्याही पुढे जातो. तेव्हा त्या वरच्या खोलीत रात्रीसुद्धा शरीराला विसावा मिळत नाही. डॉक्टर सांगतात की दिवसाच्या उन्हाइतकीच ही न निवणारी रात्र म्हातारी माणसे, बाळंतिणी आणि लहान मुले यांना घातक ठरते.

कोणी म्हणेल, फादर, हा इंजिनिअरचा विषय आहे, चर्चमध्ये कशाला? तर बंधू-भगिनींनो, पवित्र शास्त्राला छपराचा विषय परका नाही. अनुवाद ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात परमेश्वर नवे घर बांधणाऱ्याला आज्ञा देतो, की धाब्याला कठडा कर, म्हणजे कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घराला लागणार नाही. देवाच्या नियमशास्त्रात कठड्याला जागा आहे! याचा अर्थ सरळ आहे. घर कसे बांधले आणि त्यामुळे आत राहणाऱ्याचे काय झाले, याचा जाब बांधणाऱ्याला देवापुढे द्यायचा आहे. त्या काळी धाब्यावरून पडणे हा धोका होता. आजच्या उन्हाळ्यात धाब्याखाली भाजणे हाही तसाच धोका आहे.

उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायातला अब्राहाम आठवा. ऐन दुपारच्या उन्हात तो आपल्या तंबूच्या दाराशी बसला होता आणि तीन अनोळखी माणसे समोर आली. त्याने आधी काय दिले? पाय धुवायला पाणी आणि झाडाखालची सावली. भाकरी नंतर आली. सावली हेच त्याचे पहिले आदरातिथ्य होते, आणि ज्याला त्याने सावलीत बसवले तो साक्षात परमेश्वर होता.

कफर्णहूमच्या त्या घराचीही आठवण करू या, जिथे चौघांनी छप्पर उकरून पक्षाघाती माणसाला प्रभूसमोर खाली सोडले. शहरातल्या माणसाला हे वाचताना प्रश्न पडतो, की छप्पर उकरले कसे? बागलाणातल्या माणसाला तो पडत नाही. आपली जुनी धाब्याची घरे तशीच होती. खाली लाकडी सरे, त्यावर काटक्या आणि पाला, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. ती माती आणि त्या दीड-दोन हात रुंद भिंती दुपारचे ऊन सावकाश पीत आणि माणसांपर्यंत ते पोचेपर्यंत संध्याकाळ होई. ती घरे अगदी सुखाची होती असे आम्ही म्हणत नाही. दर पावसाळ्याआधी माती टाकावी लागे, गळती असे, विंचूकाटा असे, आणि सारवण्याचे कष्ट बायकांच्याच पाठीवर असत. पक्के घर हवेच. पण पक्के घर बांधताना जुन्या घराचे शहाणपण आपण मातीबरोबर उकिरड्यावर टाकले, ते तेवढे परत आणता येईल.

सेमिनरीत आम्हाला तत्त्वज्ञान शिकवले गेले, त्यात सॉक्रेटिसही होता. त्याचा शिष्य झेनोफन याने गुरूच्या आठवणी लिहिल्या आहेत. त्यात सॉक्रेटिस, सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी, चक्क घर कसे असावे यावर बोलतो. जे घर उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार, तेच उपयोगी आणि तेच सुंदर, असा त्याचा मुद्दा आहे. त्यासाठी तो घर दक्षिणेकडे उघडे ठेवायला सांगतो, कारण हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेकडून खाली उतरून ओसरीत येतो आणि उन्हाळ्यातला सूर्य छपरावरून जातो.

दक्षिण म्हटल्यावर काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. आपल्या ख्रिस्ती घरांतही दक्षिणेच्या दाराची भीती अजून आहे. पण चारही दिशा एकाच देवाने केल्या आहेत आणि त्यांतली कोणतीच अशुभ नाही. सूर्याचा हिशेब मात्र खरा आहे. आपले नामपूर कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला. मेच्या उत्तरार्धात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. म्हणजे सगळा मारा छपरावर, आणि सकाळ-संध्याकाळ पूर्वेच्या व पश्चिमेच्या भिंतींवर. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य क्षितिज आणि माथा यांच्या साधारण मध्यावरच असतो आणि तोही दक्षिणेला. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला, तर उन्हाळ्यात ऊन बाहेर राहते आणि थंडीत आत येते. यासाठी यंत्र लागत नाही की बिल येत नाही.

आता करायचे काय? आम्ही क्रमाने सांगतो, कारण क्रम महत्त्वाचा आहे. जे फुकट आहे ते आधी, जे स्वस्त आहे ते नंतर आणि यंत्र सर्वांत शेवटी. आपण बहुधा उलट करतो. आधी हप्त्यावर यंत्र आणतो आणि मग बिलाच्या तारखेला घरात भांडण होते.

पहिली गोष्ट सावली. पश्चिमेची भिंत झाकली तर निम्मी लढाई जिंकली. तिथे चार बांबू रोवून मांडव करा आणि घोसाळी, दोडका किंवा कारल्याचा वेल चढवा. कपडे-भांडी धुतलेले पाणी त्याला पुरेल, फक्त साबण फार नको. जागा असेल तर कडुलिंब लावा. तो आज लावला तर तुमच्या मुलांना सावली देईल, पण कोणीतरी आज लावलाच पाहिजे. खिडकीचा पडदा आतून लावण्यापेक्षा बाहेरून तट्ट्या किंवा बांबूची चिक सोडा. आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोचले म्हणजे ते घरात आलेच.

दुसरी गोष्ट छप्पर. स्लॅब झाडून धुऊन घ्या, कळीचा चुना रात्रभर भिजवा, त्यात डिंक किंवा चिकटद्रव्य घाला आणि सकाळी किंवा संध्याकाळी दोन-तीन हात मारा. पांढरा रंग बहुतेक ऊन परत पाठवतो आणि आतली उष्णता साधारण दोन ते पाच अंशांनी उतरते. पावसात चुना धुऊन जातो, म्हणून दर वर्षी होळीच्या सुमारास हे काम करावे. चुना डोळ्यांत गेला तर भाजतो, तेव्हा चष्मा लावा आणि मुलांना लांब ठेवा. पत्र्याच्या घराला वरून चुना आणि आतून हातभर अंतर सोडून तट्ट्यांचे माळवद करा. पत्रा आणि तट्टी यांच्यामधली गरम हवा बाहेर पडायला दोन्ही टोकांना जागा ठेवा. उसाचे पाचट पत्र्यावर टाकणारेही आहेत. त्याने गारवा येतो, पण चुलीची ठिणगी आणि विजेची तार यांपासून ते दूर पाहिजे.

तिसरी गोष्ट वारा, आणि इथे कांदाचाळ आठवायची. हवा एका बाजूने खालून यावी आणि समोरून वरून जावी. गरम हवा वर चढते, म्हणून छताजवळचा झरोका बुजवू नका. डासांची भीती असेल तर जाळी लावा. उन्हाळ्यात रात्री आणि पहाटे सगळे उघडे ठेवा. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास दारे-खिडक्या लोटून घ्या आणि ऊन उतरल्यावर पुन्हा उघडा. घराला जाळी हवी असेल तर विटांचीच करता येते. लॉरी बेकर नावाचे इंग्लंडात जन्मलेले वास्तुरचनाकार (१९१७-२००७) भारतात आले, पुढे बरीच वर्षे केरळात राहिले आणि गरिबांची घरे बांधत आले. त्यांनी विटा मोकळ्या रचून जाळीच्या भिंती केल्या. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी सोडण्याच्या त्यांच्या पद्धतीत जवळजवळ पावपट विटा वाचतात आणि त्या पोकळीमुळे ऊन आत यायला उशीर लागतो. नवे घर बांधणाऱ्यांनी गवंड्याशी याविषयी जरूर बोलावे.

चौथी गोष्ट स्वयंपाकघर. घरातली सर्वांत तापलेली खोली हीच, आणि पंखा बहुधा तिथेच नसतो, कारण गॅसची ज्योत हलते. दुपारी बारा वाजता भाकरी थापणाऱ्या बाईच्या अंगाची लाही लाही होते आणि आपण बाहेर कूलरसमोर बसून 'वाढ' म्हणतो. शेगडीच्या वर उंचावर जाळी ठेवा किंवा हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा बसवा. डाळ-कडधान्य आधी भिजवा, भांड्यावर झाकण ठेवा, कुकर वापरा. गॅसही वाचेल आणि बाईही वाचेल.

पाचवी गोष्ट तारा आणि बटणे. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब बहुतेक वीज उष्णतेतच घालवतो. त्या जागी ९ वॉटचा एलईडी लावला तर पाच तासांच्या वापरात महिन्याला ९ युनिटांचे दीड युनिटही होत नाही. साधा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, नव्या बीएलडीसी मोटारीचा ३० वॉटच्या आसपास. रोज पंधरा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिटे वाचतात. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ताऱ्यांचे लेबल सक्तीचे झाले आहे. घेताना तारे मोजा. आणि लक्षात ठेवा, पंखा खोली गार करीत नाही, तो फक्त घाम वाळवतो. म्हणून रिकाम्या खोलीतला पंखा म्हणजे फुकटचा खर्च. खोलीतली हवाच चाळीस अंशांच्या वर गेली तर पंखा उलट गरम वारा मारतो. तेव्हा अंगावर ओले फडके घेणे बरे.

शेवटी यंत्र. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर चांगला चालतो, पण समोरची खिडकी उघडी पाहिजे, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साठतो. पावसाळ्यात त्याचा उपयोग नाही. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट वीज घेतो. तो घेणे पाप नाही. घरात आजारी माणूस असेल तर ती गरजही असते. मग तो २४ अंशांच्या खाली नेऊ नका. पण हेही जाणून असा, की एसी उष्णता नाहीशी करीत नाही, ती बाहेर फेकतो, आणि बाहेर बहुधा शेजाऱ्याची खिडकी असते. आपला गारवा दुसऱ्याचा ताप होऊ नये, इतके तरी पाहावे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात एसीच्या वाढत्या वापराचाही उल्लेख केला आहे आणि अनावश्यक दिवे मालवण्यासारख्या लहान गोष्टींनाही प्रेमाची कृती मानले आहे.

छपरावर सौर पॅनेल बसवायचे असतील तर फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन वा अधिकला ७८,००० रुपये अनुदान ठरवलेले आहे. व्हॅटिकनमध्ये २००८ साली, पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या काळात, पॉल सहावे सभागृहाच्या छतावर दोन हजारांहून अधिक पॅनेल बसले. पण आधी खर्च कमी करा, मग पॅनेल मोजा. गळका माठ भरत बसण्यात शहाणपण नाही.

थंडीचेही दोन शब्द. आपल्या जिल्ह्यात निफाडचा पारा काही हिवाळ्यांत ५ अंशांच्या खाली उतरला आहे, आणि आपल्याकडेही पत्र्याखालची पहाट सोपी नसते. दाराखालच्या फटीला जुन्या साडीची गुंडाळी लावा, दुपारी दक्षिणेकडचे ऊन आत घ्या, अंथरुणे उन्हात टाका. पण कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नका. तिचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही, आणि झोपलेले कुटुंब झोपेतच जाऊ शकते. छताजवळचा झरोका हिवाळ्यातही पूर्ण बंद करू नये, तो याचसाठी.

बंधू-भगिनींनो, हे सगळे आम्ही वीजबिलासाठी सांगत नाही. बिल कमी झाले तर चांगलेच. पण मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला, आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे जास्त मेली. त्यानंतर त्या शहराने २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला, आणि पुढे गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. तेलंगण राज्याने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच आणले. एवढ्या मोठ्या शहराला जे कळले ते हेच, की ऊन सगळ्यांवर सारखे पडते, पण सगळ्यांना सारखे लागत नाही. ज्याच्या डोक्यावर पत्रा आहे, जो म्हातारा आहे, जो अंथरुणाला खिळला आहे, त्याला ते जास्त लागते.

प्रायश्चित्त काळात आपण उपवास, प्रार्थना आणि दानधर्म करतो. या वर्षी दानधर्मात एक चुन्याची गोणी धरावी, अशी आमची विनंती आहे. झावळ्यांच्या रविवारापर्यंत प्रत्येक कुटुंबाने आपले छप्पर पांढरे करावे, आणि त्याबरोबर आणखी एक. ते एखाद्या एकट्या राहणाऱ्या आजीचे असेल, विधवा बहिणीचे असेल, शेजाऱ्याचे असेल, मग तो कोणत्याही धर्माचा असो. ज्यांच्या मळ्यात सालदार राहतो त्यांनी त्याच्या खोलीला समोरासमोर दोन खिडक्या पाडाव्यात. तुमचा गवंडी चाळ बांधू शकतो, तर हेही करू शकतो. युवक-युवतींच्या गटाने ब्रश आणि बादल्या घेऊन निघावे, महिला मंडळाने कोणाचे छप्पर आधी हवे ते सांगावे. कारण कोणत्या घरात कोण तळमळते, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत असते.

आणि ज्यांनी आईबाबांना स्लॅबखालच्या खोलीत ठेवले आहे, त्यांनी आज मिस्सा संपल्यावर घरी जाऊन फक्त खाट खाली आणावी. त्याला चुना लागत नाही की अनुदान लागत नाही.

पुनरुत्थानाच्या सणानंतर आम्ही नेहमीप्रमाणे घरे आशीर्वादित करायला येऊ. पवित्र पाणी प्रत्येक खोलीत शिंपडू. पण या वर्षी पाणी शिंपडण्याआधी घरधन्याला एक प्रश्न विचारणार आहोत. उत्तर आतापासूनच तयार ठेवा: या घरातली सर्वांत गार जागा कोणाची?

परमेश्वर आपल्या प्रत्येक घराला आणि त्यातल्या सर्वांत अशक्त माणसाला सावली देवो.

ख्रिस्तात आपले,
धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू